दर्याचं मीठ आणि गळ्यातली गाठ

17 मे 2006 पासून आमच्या मिठागरातलं मीठ माणसाच्या खाण्यासाठी विकायला बंदी झाली. कातडी कमावायला, मासळी खारवायला, बर्फाच्या कारखान्याला, रसायनांच्या कारखान्याला ते चालत होतं. गुरांनाही चालत होतं. फक्त माणसाच्या ताटात वाढायचं असेल तर त्यात आयोडीन हवं, असा केंद्र सरकारचा नियम होता. तारीखही मोठी मोक्याची धरली होती. मेच्या मध्यावर मिठागरात वर्षाची शेवटची घाई असते. पावसाच्या आत वाफे रिकामे करायचे, मीठ उंचवट्यावर ओढायचं, राशी गवताने नाहीतर प्लास्टिकने शाकारायच्या. त्या धांदलीत कोणी राजपत्र वाचत बसत नाही. बंदीची बातमी मिठागरात पोचली ती व्यापाऱ्याच्या तोंडून, आणि तीही भाव पाडायला म्हणून.

माझं माहेर उरणकडचं, आगरी. आजोबांपासून घरात मिठागराचं काम. मी शिकले, परळमधल्या एका प्रयोगशाळेत लागले आणि निवृत्त होईपर्यंत मुख्यतः थायरॉईडच्या तपासण्या करत राहिले. त्यामुळे त्या बंदीच्या दोन्ही बाजू आमच्या घरात एकाच पंगतीला बसायच्या. थोरले काका म्हणायचे, "दर्याचा मीठ त्यो. त्यान नसल आयोडीन, त मंग कंच्यान असल?" प्रश्न अडाणी अजिबात नाही. मोठमोठ्या शिकलेल्या माणसांनी तो मला विचारलाय. उत्तर द्यायचं तर आधी गळ्याकडे आणि मग हिमालयाकडे जावं लागतं.

थायरॉईड ग्रंथी कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असते. वजन वीसेक ग्रॅम. रक्तातून आयोडीन वेचून घेणं आणि त्यापासून दोन हार्मोन बनवणं हे तिचं मुख्य काम. एकाच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, तो टी-4. दुसऱ्यात तीन, तो टी-3. टी-4 हा साठ्याचा माल म्हणावा. यकृतासारख्या अवयवांत त्यातला एक अणू निघतो, टी-3 तयार होतो, आणि पेशीत शिरून खरं काम तोच करतो. हृदयाचे ठोके किती पडावेत, अंगात ऊब किती राहावी, आतड्याने किती चपळाई करावी, मुलाची हाडं किती वाढावीत, या सगळ्यात त्याचा हात असतो. पोटातल्या बाळाच्या मेंदूची जडणघडण तर या हार्मोनशिवाय होतच नाही, आणि पहिल्या तीन महिन्यांत ते बाळाला आईकडूनच मिळतं.

ग्रंथीवर देखरेख मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीची. रक्तातलं थायरॉईड हार्मोन कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच नावाचा हार्मोन जास्त सोडते, पुरेसं झालं की हात आखडता घेते. मिठागरातला मुकादम जसा, तसंच. मीठ कमी निघालं की तो ओरडतो, रास भरली की विडी पेटवून बसतो. पण खाडीचं पाणीच आत आलेलं नसेल तर मुकादमाने कितीही ओरडून उपयोग काय? आयोडीनच्या दुष्काळात गळ्यात नेमकं हेच घडतं. टीएसएच वाढत राहतो, ग्रंथी त्या माऱ्याखाली फुगत राहते, आणि आहे त्या चिमूटभर आयोडीनमध्ये भागवायला बघते. बाहेरून दिसतो तो गलगंड. म्हणजे गळ्यावरची ती गाठ आळशी ग्रंथीची नसते, राबून राबून सुजलेल्या ग्रंथीची असते.

आम्ही हे सगळं मोजायचो तेही आयोडीननेच. रेडिओइम्युनोअ‍ॅसे या पद्धतीत रुग्णाच्या रक्ताचे काही मायक्रोलिटर सीरम नळीत घालायचं, त्यावर किरणोत्सारी आयोडीन-125 चिकटवलेला टी-4, आणि वरून अँटिबॉडी. रुग्णाचा टी-4 आणि आपला चमकता टी-4 अँटिबॉडीवरच्या जागांसाठी भांडतात. नळ्या कोमट पाण्यात ठेवायच्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या, वरचं पाणी एका झटक्यात ओतून नळी टिपकागदावर पालथी घालायची. तळाशी राहतो तो पांढरट ठिपका, कधीकधी डोळ्यांना जेमतेम दिसणारा. हात थरथरला तर ठिपका पाण्याबरोबर गेला आणि बाईंचा रिपोर्ट चुकला. ठिपका राहिला की नळी गॅमा काउंटरमध्ये. जितके ठोके कमी, तितका रुग्णाचा हार्मोन जास्त, असा उलटा हिशेब. नव्या मुलींना तो उलटेपणा पचायला वेळ लागायचा. आयोडीन-125 साठ दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे किट आलं की त्याची तारीख आधी बघायची. किट यायचं ते आपल्याच अणुऊर्जा खात्याचं, वाशीच्या 'ब्रिट'मधून. मुंबईला हे शास्त्र लवकर आलं. तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांत किरणोत्सारी आयोडीन तयार होऊ लागलं आणि 1963 मध्ये परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उघडलं. थायरॉईडचे रुग्ण तिथे देशभरातून येत.

आता मागे जाऊ. गलगंडाचं वर्णन सुश्रुतसंहितेतही आहे, म्हणजे आजार आपल्याला नवा नव्हता. नवं होतं ते कारण. आयोडीन हे मूलद्रव्यच 1811 साली सापडलं, तेही युद्धाच्या खटपटीत. नेपोलियनच्या काळात बंदुकीच्या दारूसाठी सोरा लागत होता, तो बनवताना बर्नार कूर्तवा हा फ्रेंच कारखानदार समुद्रशेवाळाची राख वापरत होता, आणि त्या राखेवर आम्ल जास्त पडल्यावर जांभळी वाफ निघाली. गलगंडावर जाळलेल्या स्पंजाची राख देण्याचा इलाज युरोपात आधीपासून होताच. जिनिव्हाच्या झां-फ्रांस्वा क्वांदे यांनी दोहोंची सांगड घालून 1820 मध्ये रुग्णांना सरळ आयोडीनच दिलं. गाठी उतरल्या. मग ज्याला त्याला आयोडीन हवंसं झालं, लोक मनाला येईल तेवढं घेऊ लागले, छातीत धडधड, अंग वाळणं असे प्रकार सुरू झाले आणि औषध बदनाम झालं. त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेत, आजच्या कोलंबियात, बूसँगो या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की काही खाणींचं मीठ खाणाऱ्या गावांत गलगंड नाही. मीठ तपासलं तर त्यात आयोडीन निघालं. 1830 च्या दशकात त्याने मिठातून आयोडीन देण्याची सूचना छापूनही टाकली. कोणी मनावर घेतली नाही. जवळजवळ शंभर वर्षं ती सूचना तशीच पडून राहिली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महागडी दिरंगाई हीच.

कारण मधल्या काळात डॉक्टर गाठ कापत होते. स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये थिओडोर कोखर हे त्या शस्त्रक्रियेचे उस्ताद. त्यांच्या हातून रक्त फार सांडत नसे, रुग्ण टेबलावर मरत नसत. 1874 मध्ये त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची अख्खी ग्रंथी काढली. शस्त्रक्रिया झकास झाली. काही वर्षांनी कोखरनी तिला पुन्हा बघितलं तर तिची धाकटी बहीण, जी पूर्वी तिच्यासारखीच दिसायची, ती आता तिच्याहून उंच, धडधाकट, आणि ही मात्र खुजी, सुजलेल्या चेहऱ्याची, मंद झालेली. त्यांनी बाकीच्या रुग्णांना बोलावून तपासलं. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती त्यांच्यातल्या बहुतेकांची हीच गत. 1883 मध्ये त्यांनी हे जाहीर सभेत सांगितलं, पुढे पूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. 1909 चं नोबेल त्यांना मिळालं. मला त्यांच्या कौशल्याइतकंच त्यांनी रुग्णांना पुन्हा बोलावून घेतलं याचं मोल वाटतं. टाके काढले की आपला संबंध संपला असं मानणारे तेव्हाही पुष्कळ होते.

ग्रंथी गेली तर माणूस असा होतो, मग ग्रंथी परत दिली तर? 1891 मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचला. ती सुजून, थंडावून, बोलायलाही जड झाली होती. ती सुधारली, आणि पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरे यांनीच नंतर मांडला. मेंढरांचा हिशेब कोणी ठेवत नाही, त्यांनी ठेवला. 1895 च्या सुमारास जर्मनीत औगेन बाउमान यांना थायरॉईडमध्ये आयोडीन सापडलं. ते इतकं अनपेक्षित होतं की आधी आपलंच काही बिघडलं असावं असं त्यांना वाटलं. 1914 च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी टी-4 चे स्फटिक वेगळे केले. पुढे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून त्यांच्या हाती आलेला माल 33 ग्रॅम. आज सकाळी उपाशीपोटी जी छोटी गोळी लाखो लोक पाण्याबरोबर गिळतात, ती याच टी-4 ची, पण प्रयोगशाळेत बनवलेली. डुकरं, मेंढ्या सुटल्या.

इथून गोष्ट आपल्याकडे येते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट मॅककॅरिसन हे लष्करी डॉक्टर गिलगिटला नेमणुकीवर होते. गिलगिटमध्ये एकाच पाण्याच्या पाटावर एकाखाली एक गावं. मॅककॅरिसनना दिसलं की वरच्या गावात गलगंड कमी, खालच्या गावात जास्त. खालचे लोक वरच्यांचं घाण झालेलं पाणी पितात, तेव्हा पाण्यातच काहीतरी जिवंत विष असणार, असं त्यांनी ठरवलं. मग पाणी गाळून वर राहिलेला गाळ त्यांनी स्वतः आणि काही स्वयंसेवकांनी प्यायला. काहींचे गळे फुगले. गाळ उकळून दिला तर फुगले नाहीत. प्रयोग धाडसाचा होता, निरीक्षणही खोटं नव्हतं, आणि तरी मूळ कारण हातून निसटलं. घाणीने गलगंडाला हातभार लागतो, पण दुष्काळ आयोडीनचा होता. हिमालयाच्या उतारांवरचं आयोडीन हिमनद्यांनी, पावसाने, पुरांनी हजारो वर्षं धुऊन समुद्रात नेलं. मातीत नाही म्हणून पिकात नाही, पिकात नाही म्हणून माणसात नाही. हेच मॅककॅरिसन पुढे निलगिरीतल्या कुन्नूरला आले आणि आहारावरच्या संशोधनाची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

तोवर अमेरिकेत डेव्हिड मरीन आणि ओ. पी. किंबल यांनी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावच्या शाळकरी मुलींवर प्रयोग करून वाद मिटवला होता. आयोडीन घेतलेल्या 2,190 मुलींपैकी 5 जणींची ग्रंथी वाढली, न घेतलेल्या 2,305 पैकी 495 जणींची. स्वित्झर्लंडच्या एका प्रांतात 1922 मध्ये आणि अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये 1924 मध्ये आयोडीनचं मीठ दुकानात आलं. हिंदुस्थानात काय आलं? मिठावरचा कर, तो तर आधीच होता. 1930 च्या मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरावर हजारो लोक चालून गेले, शिरोड्याला सत्याग्रह झाला, लोकांनी मुठीत मीठ उचललं आणि लाठ्या खाल्ल्या. मिठात काय आहे यापेक्षा मिठावर कोणाचा हक्क आहे हा तेव्हाचा प्रश्न होता, आणि तो बरोबरच होता. कर 1947 मध्ये गेला. आमच्या घरात तो गेल्याची आठवण आजोबा सांगायचे. मिठागरावरचा पहारा मात्र कर गेल्यावरही बरीच वर्षं तसाच होता, असंही सांगायचे.

स्वातंत्र्यानंतर कुन्नूरची ती प्रयोगशाळा व्ही. एन. पटवर्धन यांच्या हाताखाली होती. तिथे 1940 च्या दशकाच्या अखेरीस वुलिमिरी रामलिंगस्वामी नावाचा तरुण पॅथॉलॉजिस्ट दाखल झाला. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये गेलेल्या या माणसाने हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून जे काम केलं, ते मी प्रत्येक नव्या शिकाऊ मुलीला सांगायचे. खोऱ्याचे तीन विभाग केले. एकात पोटॅशियम आयोडाइड घातलेलं मीठ, दुसऱ्यात पोटॅशियम आयोडेट घातलेलं, आणि मधल्या विभागात साधं मीठ. सुरुवातीला तिन्हीकडे गलगंडाचं प्रमाण सारखंच, सुमारे 38 टक्के. म्हणजे दर पाच माणसांत जवळजवळ दोघांच्या गळ्याला गाठ. सहा वर्षांनी आयोडीनच्या दोन्ही विभागांत प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं होतं, साध्या मिठाच्या विभागात जिथल्या तिथे होतं. मग त्या तिसऱ्या विभागालाही आयोडीनचं मीठ सुरू केलं आणि तिथलीही संख्या उतरली. 1970 च्या दशकाच्या आरंभी जो शेवटचा अहवाल निघाला त्याच्या लेखकांत एम. जी. करमरकर हे मराठी आडनाव बघून मला उगाच बरं वाटलं होतं.

एक गोष्ट मला कायम टोचते. मधल्या विभागातल्या बायका त्या सहा वर्षांत बाळंत झाल्या असतील. अ‍ॅक्रनचे आकडे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच छापून आलेले होते. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. पण हेही खरं की परदेशातल्या आकड्यांवर सरकार हललं नसतं; कांगड्याच्या आकड्यांवर हललं. आणखी एक काम त्यातून झालं. अमेरिकेत मिठात आयोडाइड घालत, पण आपल्या दमट, उष्ण हवेत, गोणपाटात भरलेल्या ओलसर मिठात, ते उडून जातं. आयोडेट टिकतं. आज आपल्या पिशवीतल्या मिठात जे असतं ते पोटॅशियम आयोडेट, त्याचं कारण हे.

1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सांभर सरोवरासारख्या ठिकाणी सरकारी कारखान्यांत मिठावर आयोडेट फवारायचं आणि फक्त गलगंडाच्या पट्ट्यात पाठवायचं, अशी योजना. ती वीस वर्षं रडतखडत चालली. मीठ पुरेसं तयार होईना, झालेलं वेळेवर पोचेना, आणि शेजारच्या बाजारात साधं मीठ स्वस्त मिळत असताना लोक सरकारी मीठ घेतील कशाला? शिवाय सर्वेक्षणं वाढली तसा महाराष्ट्रासकट हिमालयाबाहेरच्या अनेक जिल्ह्यांतही गलगंड सापडू लागला. उत्तर प्रदेशाच्या तराईत एन. कोचुपिल्लई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा थायरॉईड हार्मोन कमी असलेल्या बाळांचं प्रमाण दिल्लीच्या कित्येक पट निघालं. त्या अहवालाने सगळं बदललं, असं मला वाटतं. गळ्यावरची गाठ दिसते, माणूस तिच्यासकट जगतो, लग्न होतं, शेती होते. बाळाचा अर्धवट राहिलेला मेंदू दिसत नाही, आणि तो पुढे कुठल्याही गोळीने भरून निघत नाही. प्रश्न दिसण्याचा नव्हताच.

1983 मध्ये खासगी कारखान्यांना आयोडीनयुक्त मीठ बनवायची मुभा मिळाली. टाटांचं पिशवीबंद मीठ त्याच वर्षी बाजारात आलं. 1 एप्रिल 1986 पासून टप्प्याटप्प्याने साऱ्या देशाचं खाण्याचं मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं. रेल्वेच्या वाघिणींत या मिठाला प्राधान्य मिळालं. 1992 मध्ये कार्यक्रमाचं नाव बदललं, गलगंड जाऊन आयोडीन न्यूनता विकार आले. मग कायदा. देशभर बंदी 1998 मध्ये लागू झाली, 2000 मध्ये उठली, 2006 मध्ये परत आली. उठवली तेव्हाचं कारण साधारण असं होतं, की लोकांनी काय खावं हे सरकारने ठरवू नये आणि लहान मीठवाल्यांच्या पोटावर पाय येऊ नये. 2011 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो नियम ज्या कायद्याखाली केला त्या कायद्यात बसत नाही असं म्हटलं, पण बंदी एकदम उठवली नाही, सरकारला सहा महिने दिले. तोवर अन्नसुरक्षेचा नवा कायदा आला होता आणि बंदी त्याच्या नियमांत जाऊन बसली.

आता काकांचा प्रश्न. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन असतं पन्नास-साठ मायक्रोग्रॅम. समजा वाफ्यात सगळं पाणी आटलं आणि सगळं आयोडीन मिठातच राहिलं, तरी एक किलो मिठात ते दोन मिलिग्रॅमही भरत नाही. प्रत्यक्षात तेवढंही राहत नाही. मिठाचे खडे धरतात ते बऱ्यापैकी निव्वळ सोडियम क्लोराइडचे. आयोडीन मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहतं, आणि ते पाणी आम्ही बांध फोडून खाडीत सोडतो, नाहीतर मीठ कडू लागतं. म्हणजे जितकं मीठ चोख, तितकं त्यात आयोडीन कमी. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं 150 मायक्रोग्रॅम. तो दिवसाला दहा ग्रॅम मीठ खातो असं धरलं, तर एक किलोत पंधरा मिलिग्रॅम हवं. घरात पोचलेल्या मिठात किमान 15 पीपीएम हा जो सरकारी आकडा आहे, तो असा आला. कारखान्यात 30 घालायचं, कारण वाटेत उडतं. किनाऱ्यावरच्या माणसाला आयोडीन मिळत असेल तर ते मिठातून नाही, मासळीतून. सुकट, बोंबील, कोळंबी खाणाऱ्या घरांना त्यातल्या त्यात बरं. मी हे सगळं कागदावर मांडून काकांना दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मासळी खाणाऱ्यांना तरी सोडा की. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते भांडणात पडण्याइतकं जोरकस नव्हतं. घाऊक बाजारात गेलेली गोण उरणच्या मासेखाऊ घरात उघडेल की घाटावरच्या शाकाहारी घरात, हे मिठागरवाल्याला कुठे कळतं?

बंदीच्या विरोधात बोलणारे दांडीची आठवण काढतात. इंग्रजांनी मीठ बनवायला बंदी केली, आता विकायला केली, असं. मला ती तुलना पटत नाही. तेव्हा कर सरकारी तिजोरीत जायचा. इथे मुलांच्या डोक्यात काही पडतंय. पण विरोधकांचं दुसरं म्हणणं नाकारता येत नाही. फवारणीचं यंत्र, आयोडेट, तपासणीची प्रयोगशाळा, छापील पिशवी, परवाना, हे सगळं दोन-चार एकराच्या खंडकऱ्याला झेपत नाही. सरकारने बंदीबरोबर गावोगाव सामायिक फवारणी केंद्रं उभारली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. ती नावापुरती निघाली. मीठ गुजरातकडून येऊ लागलं, एकगठ्ठा, यंत्रातलं, कोरडं, पिठासारखं मोकळं. आमच्याकडचं जाडं मीठ बर्फाला आणि मासळीला राहिलं. बायका लोणच्याला, पापडाला तेच मागतात अजून; पिशवीतल्या मिठाने लोणचं काळं पडतं, असं सासू सांगते आणि सून मानते. मी दोन्ही बरण्या शेजारी ठेवून बघितल्या आहेत, काही फरक दिसला नाही. मुंबईत भांडुप-कांजूरमार्गकडच्या मिठागरांची चर्चा आता होते ती जमिनीसाठी; धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांना त्यातली अडीचशेहून अधिक एकर द्यायचं ठरलं आहे. आगऱ्यांची मिठागरं एकट्या आयोडीनने संपवली असं मी म्हणणार नाही. बंदर, रस्ते, जमिनीचे भाव, पोरांना वाफ्यात उतरायचं नाही, ही कारणं आयोडीनहून मोठी. आयोडीनने फक्त ताटातून उठवलं.

प्रयोगशाळेत शेवटच्या काही वर्षांत वेगळाच सूर ऐकू येऊ लागला. रक्त द्यायला आलेली बाई म्हणायची, मॅडम, ते आयोडीनचं मीठ खाऊनच थायरॉईड झाला ना? तिच्या म्हणण्यात तीळभर तथ्य आहे. आयोडीन मुबलक झालेल्या अनेक देशांत, शरीराने स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करण्याचा आजार थोडा वाढलेला दिसला. हा आजार जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी 1912 मध्येच वर्णिला होता. त्याचं मूळ अनुवंशात आणि शरीराच्या संरक्षण यंत्रणेत असतं, आणि तो बायकांना कितीतरी जास्त होतो. त्यासाठी मीठ सोडून सैंधवाच्या मागे लागणं म्हणजे पोटातल्या नातवंडाच्या मेंदूशी खेळणं. मोठ्या माणसाचा कमी पडलेला हार्मोन गोळीने भरता येतो. टीएसएच बघायचा, मात्रा ठरवायची, दीड-दोन महिन्यांनी परत बघायचा. इतकं सरळ काम वैद्यकात फार थोडं आहे. आणि टीएसएच जरासा वर दिसला की लगेच जन्माची गोळी सुरू करणारे डॉक्टर असतात, त्यांच्याविषयी मी इथे बोलत नाही.

आता आशाताई घरोघरी मीठ तपासतात. चमचाभर मीठ बशीत पसरायचं, त्यावर किटमधल्या कुपीतून एक थेंब. कुपीत पिष्टमय द्रावण असतं. आयोडेट असेल तर मीठ त्या जागी निळं-जांभळं होतं, कमी असेल तर फिकट, नसेल तर पांढरंच. रंग किटवरच्या पट्टीशी ताडून वहीत नोंद. मी भाचीच्या गावात हे बघायला गेले होते. शाळेजवळच्या दुकानातलं मीठ गडद जांभळं झालं. एका घरात बरणी चुलीशेजारी उघडीच असायची, तिथलं जेमतेम फिकट. आशाताईने बाईंना झाकण लावायला सांगितलं, बाईंनी मान डोलावली. मग थेंब घरातल्या जाड्या मिठावर टाकला. काहीच नाही. कुपी संपली की काय म्हणून तिने पुन्हा एक थेंब टाकला.

जांभळा रंग देणारं ते आयोडीन आपल्या देशात मिळत नाही. ते बाहेरून आणावं लागतं: बरंचसं चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या खनिजातून, काही जपानमध्ये जमिनीखालच्या वायूबरोबर वर येणाऱ्या खाऱ्या पाण्यातून. काकांना हे सांगितलं तेव्हा ते आधी विश्वासच ठेवीनात. मग त्यांनी विचारलं, तिकडं पाऊस पडत नाही का? नाही, जवळजवळ पडतच नाही, मी म्हटलं. म्हणूनच ते तिथे राहिलं, धुऊन गेलं नाही.